थॉमस लिंकन यांचे शेवटचे शेत : इलिनॉयमधील एका ऐतिहासिक स्थळाचे परीक्षण

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या पूर्व भागात, कोल्स काउंटीतील चार्ल्सटन गावाच्या दक्षिणेला साधारण आठ मैलांवर ‘लिंकन लॉग केबिन’ नावाचे एक सरकारी ऐतिहासिक स्थळ आहे. नाव वाचून जो प्रवासी तेथे जाईल, त्याची अपेक्षा अब्राहम लिंकन यांचे घर पाहण्याची असेल, आणि ती पुरी होणार नाही, कारण अब्राहम लिंकन या घरात कधीच राहिले नाहीत. हे त्यांच्या वडिलांचे, थॉमस लिंकन यांचे, शेवटचे शेत आहे. मुलगा स्प्रिंगफील्डमध्ये वकिली करत असताना आईवडील या माळावर मका पिकवत होते, डुकरे पाळत होते आणि म्हातारे होत होते. राष्ट्राध्यक्षांच्या नावाने उभारलेल्या स्मारकांची त्या देशात वाण नाही. परंतु ज्या शेतकऱ्याला लिहिणे म्हणजे कशीबशी सही करण्यापुरतेच ठाऊक होते, त्याच्या शेतीचा हिशेब मांडणारे स्थळ विरळाच, आणि म्हणून हे परीक्षण लिहावेसे वाटले.

मराठी वाचकाला लिंकन हे बहुधा एक वडील म्हणून ठाऊक असतात. मुलाच्या शिक्षकाला त्यांनी लिहिल्याचे म्हटले जाणारे पत्र आपल्याकडे कितीतरी शाळांच्या भिंतींवर चौकटीत लावलेले असते. ते पत्र लिंकन यांनी लिहिले, याला कोणताही पुरावा नाही, ही गोष्ट वेगळी. लिंकन हे स्वतः कोणाचे तरी मुलगे होते आणि त्या बापलेकांचे फारसे जमत नव्हते, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. चरित्रकारांनी दीर्घकाळ थॉमस यांना आळशी, भटका आणि महत्त्वाकांक्षा नसलेला माणूस म्हणून रंगवले, म्हणजे मुलाचे मोठेपण आपोआपच अधिक उठून दिसते. या स्थळावरून बाहेर पडताना ते चित्र जसेच्या तसे मनात ठेवणे अवघड जाते.

येथे दोन शेते आहेत. पहिले लिंकन कुटुंबाचे. त्यावर ओंडक्यांचे दोन खोल्यांचे घर असून, दोन्ही खोल्यांच्या मध्यभागी एकच मोठे धुराडे आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चुली आहेत. हे घर मूळचे नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. मूळ घर उखडून १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात नेण्यात आले, लोकांना दाखवण्यात आले आणि त्यानंतर त्याचे ओंडके कोठे गेले, याचा पत्ता लागला नाही. सध्याचे घर १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून, जुनी छायाचित्रे आणि परिसरातील लोकांच्या आठवणी यांच्या आधारे त्याच जागेवर बांधले गेले. म्हणजे जागा खरी, मोजमाप बऱ्याच अंशी खरे आणि लाकूड नंतरचे. अशा पुनर्बांधणीविषयी मला एरवी फारसा आदर वाटत नाही. येथे ती खटकली नाही, कारण घर काचेआड न ठेवता वापरात ठेवलेले आहे. चूल पेटते, तिच्यावर भांडे असते, भिंतीला धुराचा काळा थर चढलेला असतो, आणि १८४५ च्या सुमारास या दोन खोल्यांत अठरापर्यंत माणसे राहत होती असे सांगितले जाते, तेव्हा पाहुणा नकळत खोलीचा कोपरान् कोपरा नजरेने मोजू लागतो.

हंगामात येथे त्या काळचे कपडे घातलेली माणसे काम करत असतात आणि ती १८४५ मध्येच वावरतात. पाहुण्याने पुढच्या काळातील काही विचारले, तर त्यांना ते कळत नाही, निदान कळत नसल्याचे ती मोठ्या निष्ठेने दाखवतात. हा प्रकार अनेक ठिकाणी हास्यास्पद होतो. आमच्याबरोबर माझे सासरे होते. त्यांनी आयुष्यभर माणदेशातील जिरायत जमीन कसली आहे, आणि ऐतिहासिक स्थळांत त्यांना मुळीच रस नाही. मात्र कणगीतला मका पाहिल्यावर त्यांनी आपण होऊन चौकशी सुरू केली आणि मी दुभाष्याचे काम केले. घरात खायला किती ठेवता, बियाण्याला किती, जनावरांना किती आणि बाजारात किती जातो, असे त्यांनी क्रमाने विचारले. झाडू बांधत बसलेल्या बाईंनी सांगितले की, बहुतेक मका घरातली माणसे आणि डुकरे खातात, उरला तर दुकानदाराला देऊन त्याबदल्यात मीठ, कॉफी, लोखंड आणतात, आणि रोख पैसा कर भरण्यापुरता असला की झाले. सासऱ्यांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, “मग ह्यांना आळशी कोण म्हणतं? कर्ज नाही म्हणजे माणूस हुशार आहे.” पुढे या विधानाला थोडी मुरड घालावी लागेल, पण स्थळाचे मर्म त्यांना माझ्याआधी कळले, हे मान्य केले पाहिजे.

लिंकन यांच्या शेतीची पद्धत दक्षिणेकडील डोंगराळ भागातून आलेल्या लोकांची होती. मका हे मुख्य पीक. पिकाला कुंपण आणि डुकरे मोकळी, असा उलटा वाटणारा पण रानाशेजारी राहणाऱ्यांना सोयीचा रिवाज. ओंडके उभे चिरून काढलेल्या लाकडांचे नागमोडी कुंपण शेताभोवती फिरते, त्याला खिळा लागत नाही आणि खांबासाठी खड्डाही खणावा लागत नाही. डुकरांनी रानातील ओकची फळे खाऊन पुष्ट व्हायचे, थंडी पडली की त्यांची कत्तल करायची, मांस मिठात मुरवून धुरी देण्याच्या खोलीत टांगायचे. जवसाच्या खोडापासून निघणारा धागा उभा आणि मेंढीच्या लोकरीचा आडवा घेऊन घरीच जाडेभरडे कापड विणायचे. चुलीतील राख साठवून तिच्यातून पाणी झिरपवायचे आणि त्या क्षारपाण्यात चरबी उकळून साबण करायचा. या प्रत्येक कामाची जागा, भांडी आणि हत्यारे घराच्या आसपास मांडलेली आहेत, आणि त्यांच्यावर पाट्या जवळजवळ नाहीत. विचारल्याशिवाय काहीच कळत नाही, ही व्यवस्था मला आवडली. संकोची माणसाची मात्र येथे पंचाईत होईल.

थॉमस हे केवळ शेतकरी नव्हते, तर सुतारही होते, आणि चांगले सुतार होते. त्यांनी घडवलेली कोपऱ्यात बसवायची कपाटे केंटकी आणि इंडियानामध्ये आजही जपून ठेवलेली आहेत. लाकडाचे जडावकाम, नेटके सांधे, सममिती हे सारे त्यांत दिसते. ज्याच्या हाताला एवढी शिस्त होती, त्याला कामाचा कंटाळा होता असे म्हणणे मला तरी जड जाते. हत्यारे पाहताना ही बाजू मनात ठेवली, तर पाहणे अधिक अर्थपूर्ण होते.

दुसरे शेत स्टीफन सार्जंट यांचे. ते मुळात येथे नव्हते. सुमारे दहा मैलांवरून १९८० च्या दशकात हे घर येथे हलवण्यात आले, आणि संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. सार्जंट हे ईशान्येकडील न्यू हॅम्पशायरमधून आलेले, बाजाराकडे डोळा ठेवून पिकवणारे, नव्या अवजारांविषयी आणि सुधारित जनावरांविषयी उत्सुकता असलेले शेतकरी होते. एकाच काउंटीत, एकाच मातीत, एकाच काळात दोन माणसे शेती करत होती, पण दोघांच्या शेतीचा उद्देश वेगळा होता. सार्जंट यांच्या घरात खोल्यांचे उपयोग ठरलेले आहेत, विकत आणलेल्या वस्तू आहेत, कापड दुकानातले आहे. लिंकन यांच्या घरातून तेथे चालत गेले की फरक पावलागणिक जाणवतो. जॉन डिअर नावाच्या लोहाराने इलिनॉयमध्येच, १८३७ मध्ये, माळाची चिकट काळी माती न चिकटणारा पोलादी फाळाचा नांगर बनवला होता. तोवर लोक रानाच्या कडेला बसत, कारण झाडे असतात तीच जमीन चांगली असा पूर्वेकडून आणलेला समज होता आणि सरपण, कुंपण, घर हे सारे झाडांवरच अवलंबून होते. सार्जंट हे येऊ घातलेल्या काळाचे शेतकरी, लिंकन हे सरत्या काळाचे. दोन्ही शेते पाहून झाल्यावर थॉमस आळशी होते का, हा प्रश्न मागे पडतो आणि कोणासाठी पिकवायचे, किती पुरेसे मानायचे, हा प्रश्न पुढे येतो. अब्राहम लिंकन यांनी यातील दुसरी बाजू निवडली. कालवे, रेल्वे, बँका यांच्यासाठी त्यांनी राजकारण केले. वडिलांच्या शेतीत त्यांना भविष्य दिसत नव्हते.

आता मुरड घालण्याचा मुद्दा. थॉमस हे समाधानी होते म्हणून गरीब राहिले, ही मांडणीही अपुरी आहे, आणि येथे येण्यापूर्वी त्यांचा इथवरचा प्रवास ठाऊक असला तरच ते लक्षात येते. हे घराणे दोनशे वर्षे पश्चिमेकडे सरकत होते. सॅम्युअल लिंकन १६३७ मध्ये इंग्लंडमधील हिंगम गावातून मॅसॅच्युसेट्समध्ये आले. पुढच्या पिढ्या न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मग व्हर्जिनियाच्या दऱ्याखोऱ्यांत गेल्या, आणि थॉमस यांचा जन्म १७७८ मध्ये व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीत झाला. पोर लहान असतानाच कुटुंब डोंगर ओलांडून केंटकीत आले. तेथे १७८६ मध्ये शेतात काम करत असताना थॉमस यांचे वडील, त्यांचेही नाव अब्राहमच, मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. आठ वर्षांचा थॉमस जवळच होता, आणि मोठा भाऊ मॉर्डेकाय याने हल्लेखोराला गोळी घातल्यामुळे तो वाचला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे जमीन थोरल्या मुलाला गेली. धाकटा थॉमस मजुरी करत, सुतारकाम शिकत मोठा झाला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. अब्राहम लिंकन यांनी १८६० मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात वडिलांच्या अशिक्षितपणाचा उल्लेख काहीशा कोरडेपणाने केला आहे, पण त्याचे कारणही त्याच ओळींत सापडते.

केंटकीत थॉमस यांनी जमीन घेतली, एकदा नव्हे तर अनेकदा. तेथे जमिनीची सरकारी मोजणी आधी होत नसे. हक्क सांगणाऱ्यानेच स्वतःची हद्द ओढा, खडक, खुणेचे झाड अशी लिहून द्यायची. ओढा पात्र बदलतो आणि झाड पडते, त्यामुळे एकाच जमिनीवर दोन-तीन मालक निघत. आपल्याकडे बांधावरून पिढ्यान् पिढ्या चालणारे दावे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको, फरक एवढाच की तेथे बांधच कागदावर तरंगत होता. मिल क्रीक येथे थॉमस यांनी १८०३ मध्ये २३८ एकर जमीन ११८ पौंडांना घेतली, पण मोजणीतील चुकीमुळे विकताना ती २०० एकरच भरली आणि १८१४ मध्ये १०० पौंडांना गेली. ज्या सिंकिंग स्प्रिंग येथील शेतावर १८०९ मध्ये अब्राहमचा जन्म झाला, त्याचे २०० डॉलर त्यांनी रोख दिले होते, पण ते शेतही मालकीच्या वादात हातचे गेले. नॉब क्रीक येथे तिसरी जागा कसायला घेतली, तर तेथूनही त्यांना हुसकावण्यासाठी दावा लागला. अशा माणसाने डिसेंबर १८१६ मध्ये ओहायो नदी ओलांडून इंडियानात जाणे, याला भटकेपणा म्हणायचे की शहाणपण? अब्राहम यांनीच पुढे लिहिले की, स्थलांतराला गुलामगिरी हे अंशतः कारण होते, पण मुख्य कारण केंटकीतील जमिनीच्या हक्कांचा गोंधळ हेच होते. गुलाम राबवणाऱ्या मोठ्या शेतकऱ्याशी स्वतःच्या दोन हातांवर जगणाऱ्याने स्पर्धा कशी करायची, हा प्रश्नही त्या अंशतः कारणात आहेच, शिवाय हे कुटुंब गुलामगिरीला विरोध करणाऱ्या बाप्टिस्ट मंडळीत जात असे.

इंडियानात जमीन केंद्र सरकारने आधी मोजलेली होती. सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन, त्यात ६४० एकरांचे ३६ तुकडे, त्यांचे पुन्हा चौथे भाग. १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये थॉमस यांनी विन्सेन्सच्या जमीन कचेरीत १६० एकरांची नोंद केली. दर एकरी दोन डॉलर, म्हणजे एकूण ३२० डॉलर, आणि त्यापैकी चौथा हिस्सा आधी भरायचा होता. त्यांनी प्रथम १६ आणि नंतर ६४ डॉलर भरून तो पुरा केला. बाकी रक्कम जमेना, तेव्हा दहा वर्षांनी, १८२७ मध्ये, त्यांनी निम्मी जमीन सरकारला परत दिली, तिच्यावर भरलेले पैसे उरलेल्या ८० एकरांच्या खात्यात वळवले आणि त्या जमिनीचा निर्वेध कागद मिळवला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी आव्हान देऊ शकणार नाही अशी जमीन, तीही वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. माझ्या मते थॉमस यांचे सारे चरित्र या व्यवहारात आहे. जास्त जमीन आणि डोक्यावर देणे यापेक्षा अर्धी जमीन आणि निश्चिंतपणा त्यांनी पत्करला. सासऱ्यांच्या वाक्यातील तथ्य येथे आहे, आणि त्याची मर्यादाही येथेच आहे, कारण ही निवड त्यांनी मोकळ्या मनाने केली नव्हती, तीन शेते हातची गेल्यानंतर केली होती.

इंडियानातील चौदा वर्षांत बाकीचे जे घडले ते थोडक्यात सांगतो, कारण त्याची स्मारके तिकडे आहेत. ऑक्टोबर १८१८ मध्ये पहिली पत्नी नॅन्सी ‘दुधाच्या आजारा’ने गेली. रानात चरणाऱ्या गायीने पांढऱ्या फुलांची एक विषारी वनस्पती खाल्ली की दुधातून विष माणसात उतरते, हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षी थॉमस केंटकीला जाऊन सारा बुश जॉन्स्टन या तीन मुले असलेल्या विधवेशी लग्न करून आले. नॅन्सीपासून झालेली मुलगी, तिचेही नाव साराच, १८२८ मध्ये बाळंतपणात वारली.

इलिनॉयला येण्याचे कारणही केवळ मोह नव्हते. दुधाच्या आजाराची साथ पुन्हा येत असल्याच्या वार्ता होत्या आणि जॉन हँक्स हा नातेवाईक इलिनॉयच्या काळ्या मातीची वाखाणणी करत होता. तेव्हा १८३० मध्ये ती कष्टाने मिळवलेली ८० एकर जमीन १२५ डॉलरना विकून तेरा माणसांचा कबिला बैलगाड्यांतून निघाला. मेकन काउंटीतील पहिल्याच शरद ऋतूत हिवतापाने घर आजारी पडले आणि पाठोपाठ आलेल्या हिवाळ्यात इतका बर्फ पडला की तो पुढे कित्येक वर्षे ‘खोल बर्फाचा हिवाळा’ म्हणूनच ओळखला गेला. वसंतात बावीस वर्षांचा अब्राहम घर सोडून आपल्या वाटेने गेला, आणि बाकीचे कुटुंब इंडियानाकडे परत निघाले. वाटेत कोल्स काउंटीत ते थांबले, आणि थांबले ते कायमचे. दोनशे वर्षे पश्चिमेकडे चाललेल्या घराण्याची ही शाखा अशी पूर्वेकडे मागे फिरताना स्थिरावली, हे मला या स्थळामागील सर्वांत विलक्षण सत्य वाटते. दर्शनी पाटीवर लिहिण्याजोगी ही गोष्ट आहे.

कोल्स काउंटीतही एक-दोन जागा बदलून १८४० मध्ये थॉमस या शेतावर आले. पुढच्याच वर्षी त्यांना पैशांची चणचण भासली, तेव्हा अब्राहम यांनी त्यातील ४० एकर २०० डॉलरना विकत घेतले आणि आईवडिलांना हयातभर ती जमीन वापरण्याचा हक्क कागदावर लिहून दिला. या तुकड्याला ‘अब्राहमचे चाळीस’ असे नाव पडले. बापलेकांच्या नात्याबद्दल सहानुभूतीने बोलायचे, तर हा कागद पुढे करावा लागतो. उलट बाजूने बोलायचे, तर जानेवारी १८५१ चे पत्र आहे. वडील मरणासन्न असल्याचे सावत्र भावाने कळवल्यावर अब्राहम यांनी लिहिले की, आता भेट झालीच तर ती सुखापेक्षा दुःखच अधिक देईल, अशी शंका वाटते. ते आले नाहीत, अंत्यविधीलाही आले नाहीत. पत्नीचे बाळंतपण नुकतेच झाले होते, हे कारण त्यांनी दिले होते आणि ते खरेही होते, पण तेवढ्याने समाधान होत नाही. लहानपणी वडील मुलाला शेजाऱ्यांकडे कामाला लावत आणि मिळालेली मजुरी कायद्याने वडिलांचीच असे. एकविसाव्या वर्षापर्यंत चाललेला तो हिशेब मुलगा विसरला नसावा. केबिनच्या दारात उभे राहून याचा निवाडा करण्याचा मोह होतो. येथील मार्गदर्शक तो करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

सारा बुश लिंकन यांना या स्थळावर जे स्थान मिळते, त्याबद्दल चार शब्द अधिक लिहायला हवेत. पुस्तके वाचणाऱ्या सावत्र मुलाला हिनेच पाठीशी घातले, इंडियानातील मातीची जमीन असलेल्या घरात हिनेच लाकडी फळ्या घालायला लावल्या, असे नातलग पुढे सांगत. कोल्स काउंटीतील घर, त्यात आश्रयाला आलेली मुले, नातवंडे, उधळ्या मुलगा जॉन, या सर्वांचे ओझे तिच्यावरच होते. चूल, चरखा, सूत, साबण, मांस मुरवणे, हे जे काम पाहुण्याला येथे दिवसभर दिसते ते बहुतांशी तिचे आणि तिच्या सुनेचे आहे. थॉमस यांच्या शेतीला स्वयंपूर्ण म्हणताना स्वयंपूर्णता कोणाच्या श्रमावर उभी होती, हे या अंगणात स्पष्ट दिसते. ३१ जानेवारी १८६१ रोजी, वॉशिंग्टनला जाण्यापूर्वी, अब्राहम तिला भेटायला या भागात आले आणि वडिलांच्या कबरीवरही गेले. ती भेट जेथे झाली ते मुलीचे घर, मूर होम, येथून उत्तरेला सुमारे मैलभरावर जपलेले आहे. कबर जवळच्या शायलो स्मशानभूमीत आहे. तिच्यावर दगड बसवण्याचे अब्राहम यांच्या मनात होते, पण त्यांच्या हयातीत ते झाले नाही.

एका बाबतीत अशा कोणत्याही शेतस्थळाची अडचण असते आणि ती येथेही आहे. ज्या जमिनीवर हे सारे उभे आहे, ती १८३० च्या आधी रिकामी नव्हती. मूळ रहिवाशांपैकी किकापू लोकांनी १८१९ च्या करारात मध्य इलिनॉयमधील विस्तीर्ण प्रदेश सोडला, दक्षिण इंडियानातील जमीन त्याआधीच डेलावेअर आणि इतर जमातींकडून घेतली गेली होती. केंद्र सरकारची ती सुबक चौकोनी मोजणी, जिच्यामुळे थॉमस यांना प्रथमच निर्वेध जमीन मिळाली, तिच्या आधीची पायरी ही होती. १८४५ मध्ये अडकून राहिलेले पात्र हे सांगू शकत नाही, कारण त्या पात्राला त्याची खंत नसते. हा त्या मांडणीचाच दोष आहे, माणसांचा नव्हे, आणि पाहुण्याने तो स्वतः भरून काढायचा आहे.

व्यवहाराचे सांगायचे तर प्रवेशाला तिकीट नाही, स्वेच्छेने देणगी देता येते. शिकागोहून मोटारीने सव्वातीन-साडेतीन तास लागतात. रेल्वेने मॅटूनपर्यंत येता येते, पण पुढे स्वतःच्या वाहनाशिवाय निभाव लागणे कठीण. जेवणाची सोय चार्ल्सटनमध्ये करावी किंवा डबा न्यावा, बसायला सावली भरपूर आहे. जायचे ते उन्हाळ्याच्या हंगामात आणि कामे चालू असतील अशा दिवशी, कारण माणसे नसतील तेव्हा ही नुसती बंद घरे आणि कुंपणे उरतात, आणि त्यासाठी एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही. आधी कार्यक्रमपत्रक पाहून घ्यावे. लहान मुलांना जनावरांत आणि सुताच्या कामात रस वाटतो, मधल्या वयाची मुले मात्र १८४५ मधील बाईंना मोबाइलविषयी विचारण्यात अर्धा तास घालवतात. क्रम विचाराल तर आधी स्वागतकक्षातील प्रदर्शन, मग लिंकन यांचे शेत, मग सार्जंट यांचे, आणि वेळ असेल तर पुन्हा लिंकन यांचे, कारण दुसऱ्या फेरीत ते वेगळे दिसते.

ज्यांना राष्ट्राध्यक्ष लिंकन हवे आहेत त्यांनी स्प्रिंगफील्डला जावे, तेथे त्यांचे घर, संग्रहालय आणि समाधी आहे. ज्यांना थॉमस यांची मधली वर्षे पाहायची आहेत त्यांच्यासाठी इंडियानात, ओहायो नदीपासून काही अंतरावर, लिंकन बॉयहूड राष्ट्रीय स्मारक आहे. तेथेही १८२० च्या दशकातील शेत चालवून दाखवतात आणि नॅन्सी यांची कबर आहे. त्या शेताच्या १८२७ मधील सरकारी कागदासारखे दस्तऐवज अमेरिकेच्या जमीन विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. निघण्यापूर्वी असा एखादा कागद वाचून जावे. मी तो परत आल्यावर वाचला, आणि तेव्हा सासऱ्यांना सांगण्यासारखे बरेच काही सापडले. त्यांनी ऐकून घेतले आणि फक्त एवढेच विचारले की, परत दिलेल्या ८० एकरांत पाणी होते का.